बगळ्याची सावली

दोघंही दातांचे डॉक्टर. तरी लोक नवऱ्याला डॉक्टर म्हणत आणि तिला डॉक्टरीणबाई, जणू तिची पदवी लग्नाबरोबर आली होती. त्याचं तिला फारसं वाटत नसे. पण गच्चीला लागून असलेल्या झाडावर राखी बगळ्यांनी घरटं केलं, डॉक्टरांनी कॅमेऱ्याची भलीमोठी लेन्स आणली आणि दवाखाना एकट्या तिच्या गळ्यात पडला, तेव्हा मात्र तिचं डोकं फिरलं. खाली पेशंट आ वासून बसलेले, आणि हे महाशय वर पिल्लांच्या चोची टिपतायत.

पिल्लं तिलाही आवडायची, पण हे ती कुणाला कळू देत नसे. दोन पेशंटच्या मधे गच्चीत एक चक्कर मारून यायची. डोक्यावर उभे केस, अंगापेक्षा चोच मोठी, आणि तोरा असा की झाड यांच्याच बापाचं.

मग एक दिवस डॉक्टरांनी काठीला कोयता बांधून घरट्यावरची फांदी छाटली. पानं मधे येत होती म्हणे. दुसऱ्या दिवशी ऊन तापलं तसा एक बगळा पिल्लांवर पंख पसरून उभा राहिला, तो हलेचना. डॉक्टर हरखून गेले. फोटोग्राफी क्लबच्या स्पर्धेसाठी फोटोचं नावही ठरलं: 'आईची माया'. तो नर की मादी हे त्यांना ठाऊक नव्हतं, पण एवढ्यातेवढ्यावरून अडणाऱ्यांतले ते नव्हतेच.

आधी दोन्ही बगळे मासे आणायचे. आता एक छत्री होऊन अडकलेला, आणि धावपळ एकट्या दुसऱ्याची. धाकट्या पिल्लाच्या वाट्याला काही येईना. ते मान टाकून पडलं होतं. तिने डॉक्टरांना सांगितलं. निसर्ग आपलं आपण बघून घेतो, असं ते कॅमेऱ्यातून डोळा न काढता म्हणाले. कोयताही निसर्गानेच चालवला असावा.

तिने दवाखान्यातली हिरवी चादर दोन काठ्यांना बांधली आणि कठड्यावरून घरट्याच्या वर ताणली. बगळा दचकून उडाला तो समोरच्या भिंतीवर जाऊन बसला. हा परत आलाच नाही तर? तेवढ्यात डॉक्टर धावत आले. सगळी फ्रेम वाया गेली, संध्याकाळी क्लबातली मंडळी येणार आहेत, आधी ती चादर काढ, म्हणाले.

"काढते. तुम्ही पंख पसरून उभे राहा."

ते उभे राहिले नाहीत, नुसतेच धुसफुसले. थोड्या वेळाने बगळा परत आला. मान वाकडी करून त्याने चादर न्याहाळली, काही वेळ पिल्लांपाशी पंख मिटून बसला आणि मग तळ्याकडे उडून गेला. संध्याकाळी धाकट्याच्या घशात मासा उतरताना तिने स्वतः पाहिला. तिला रडूच आलं.

आधी काढलेल्या फोटोला बक्षीस मिळालं. आता तो दवाखान्यात, पेशंटच्या खुर्चीसमोर टांगलाय. पेशंट म्हणतात, काय माया आहे हो. डॉक्टर मान डोलावतात.

"माया कसली," ती हातमोजे चढवत म्हणते. "वरची फांदी यांनी तोडली. तिच्या वाटचं ऊन तो बगळा अंगावर घेतोय. हं, आ करा."