अठ्ठेचाळीस किलोची फायनल

मास्तर तयार कपड्यांच्या कारखान्यात कटिंगचं काम करत. लांबलचक टेबलावर कापडाचे चाळीस थर अंथरायचे, वर खडूने आखायचं आणि हात न थरथरता मशीन फिरवायची. सत्तावन्न वर्षांचे झाले तरी त्यांचं वजन पन्नासच्या वर गेलं नव्हतं. "ह्यांच्या अंगाला अन्न म्हणून लागत नाही. लोकांना वाटतं मीच उपाशी ठेवते," असं त्यांची बायको येईल त्याला सांगायची.

एका दुपारी मुष्टियुद्ध संघटनेच्या कचेरीतून फोन आला.

"मास्तर, तुमचा गट बंद होतोय," पलीकडची बाई म्हणाली.

नव्या नियमांत अठ्ठेचाळीस किलोचा गट उरला नव्हता. राष्ट्रीय स्पर्धेत तो अडतीस वर्षं चालला, म्हणून त्याच्या इतिहासाची एक पुस्तिका काढायचं ठरलं होतं. चौथ्या वर्षीचे विजेते मास्तर, तेव्हा त्यांचा फोटो हवा होता. शिवाय विजेत्यांच्या यादीवर त्यांनी एकदा नजर टाकावी, असं बाईचं म्हणणं होतं.

यादी आली. दर वर्षासमोर दोन नावं, विजेता आणि उपविजेता. मास्तरांच्या वर्षासमोर मात्र एकच. दुसऱ्या जागी नुसती रेघ.

त्यांनी उलट फोन लावला. "इथे भट्टीवाल्याचं नाव हवं."

"वजनात बसला नाही ना तो? मग फायनल झालीच नाही. नियमाने रेघच येते."

"अहो, सेमीफायनल जिंकून आला होता!"

"त्यांनी स्वतः दोन ओळी लिहून दिल्या तर साहेबांना विचारून बघते," बाई म्हणाली, आणि जुन्या प्रवेश अर्जावरचा बेकरीचा पत्ता तिने वाचून दाखवला.

भट्टीवाला बेकरीत कामाला होता, म्हणून हे नाव. डावखुरा. वजन उतरवायला भट्टीसमोर दोन दोन स्वेटर घालून बसायचा म्हणे. मास्तरांनी त्याच्या दोन लढती प्रेक्षकांत बसून पाहिल्या होत्या आणि तीन महिने त्याच्यासाठी म्हणून सराव केला होता. उजवा खांदा किंचित उचलला की पाठोपाठ त्याचा डावा ठोसा येतो, हे त्यांनी हेरलं होतं. आयुष्यात एखाद्याची इतकी वाट त्यांनी कधी पाहिली नव्हती. अगदी लग्नातसुद्धा नाही.

फायनलच्या सकाळी काट्यावर भट्टीवाला तीनशे ग्रॅम जास्त भरला. तासाभराची मुदत मिळाली. रेनकोट चढवून तो बाहेरच्या पॅसेजमध्ये दोरीवरच्या उड्या मारत राहिला, आणि दाराआड मास्तर मनातल्या मनात म्हणत राहिले, उतर, बाबा, उतर. दुसऱ्यांदाही काटा वरच राहिला. संध्याकाळी मास्तर ग्लोव्हज बांधून रिंगमध्ये गेले. समोर कुणीच नव्हतं. पंचांनी त्यांचा हात वर केला, लोकांनी जेमतेम टाळ्या वाजवल्या, आणि मिनिटभरात पुढच्या गटाची नावं पुकारली गेली. अंगावर घामाचा थेंबही नव्हता.

रविवारी मास्तरांनी बस पकडली. अडीच तासांचा रस्ता. बेकरी त्याच जागी होती. गल्ल्यामागे एक अगडबंब माणूस टेकून उभा होता, भुवयांवर पीठ.

"काय देऊ?"

"अठ्ठेचाळीस किलो," मास्तर म्हणाले. एवढंच सुचलं त्यांना.

त्या माणसाने त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग हातातला पाव खाली ठेवला. "डावा हात खाली ठेवायचास तू. मी तिथेच मारणार होतो."

मास्तरांना हसू फुटलं आणि डोळेही भरून आले.

भट्टीवाल्याने त्यांना आत मैद्याच्या पोत्यांवर बसवलं, चहा मागवला. मास्तरांनी यादी पुढे केली, दोन ओळींचं सांगितलं. त्याने रेघेवर बोट ठेवलं आणि मान हलवली.

"नको. खरं सांगू? दोन दिवस पाण्याचा थेंब घेतला नव्हता. त्या पहाटे नळासमोर उभा राहिलो आणि दोन ग्लास पाणी प्यायलो. किती भरेल ते ठाऊक होतं मला. तुझी भीती नव्हती रे. तहान होती. उगाच नाव कशाला? रेघच बरोबर आहे."

मास्तरांनी यादीची घडी घालून खिशात ठेवली. चहा निवला.

"पण मी थांबलो होतो," भट्टीवाला जरा वेळाने म्हणाला. "एक्कावन्नाच्या गटात गेलो. वाटलं, तू येशील. दोन वर्षं दर स्पर्धेत एक्कावन्नाच्या यादीत आधी तुझं नाव शोधायचो."

तीच दोन वर्षं मास्तर अठ्ठेचाळीसच्या यादीत याचं नाव शोधत होते. अठ्ठेचाळीसच्या वर जेमतेम अर्धा किलो भरला असता तरी एक्कावन्नाच्या गटात जाता आलं असतं, आणि तेवढं वजन तर सराव कमी केला की आपसूक चढायचं. पण कोच म्हणाले होते, विजेता आहेस, हातची जागा सोडू नकोस. आणि मास्तरांनी ऐकलं होतं.

"मला वाटलं, तू परत खाली येशील," मास्तर कसेबसे म्हणाले.

"त्या तहानेत? पुन्हा?" भट्टीवाला हसला. मग गुडघ्यांवर हात रेटून उठला. "चल, ऊठ. बघू तरी."

पोत्यांच्या मधल्या बोळात दोघं समोरासमोर उभे राहिले. भट्टीवाल्याने मुठी वर घेतल्या. त्याचा उजवा खांदा किंचित उचलला गेला आणि मास्तर विचार करायच्या आत बाजूला झुकले. डावी मूठ कानाजवळून हळूच निघून गेली.

"अरे वा! ठाऊक होतं तुला!" भट्टीवाला ओरडला. पण तेवढ्यानेच त्याला धाप लागली. पोत्याला धरून तो खोकत, हसत बसला. मास्तरांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. रुंद, मऊ पाठ होती. माणूस लाखमोलाचा होता; पण ज्याची त्यांनी वाट पाहिली तो रेनकोटातला बावीस वर्षांचा डावखुरा मुलगा होता, आणि तो कुठल्याच पत्त्यावर सापडणार नव्हता.

निघताना भट्टीवाल्याने पावाची पिशवी हातात कोंबली. "खा जरा. अजून एक्कावन्नात येऊ शकतोस."

सोमवारी मास्तरांनी कचेरीत फोन करून सांगितलं, यादी आहे तशीच छापा. फोटो मात्र दिला नाही. हात वर केलेला तेवढा एकच होता, आणि त्यात ते कॅमेऱ्याकडे नाही, समोरच्या रिकाम्या कोपऱ्याकडे बघत होते.