बरं वाटलं, त्या दिवशी

मी एक जुना सलाईनचा स्टँड आहे. मित्रांनो, नवा होतो तेव्हा नुसता लखलखायचो. मग माझं एक चाक करकरू लागलं आणि सगळे मला 'रडका' म्हणू लागले. तेल घालायला मात्र कुणाला सवड नव्हती!

एकदा आमच्या वॉर्डात एका काकूंना आणलं. नवऱ्यानं रानातून वेचून आणलेली अळंबी खाल्ल्यावर उलट्या-जुलाबांनी त्या अर्धमेल्या झाल्या होत्या. काका शिलाई मशीन दुरुस्त करणारे. "चांदीचा चमचा घालून शिजवली होती, काळा पडला नाही!" असं ज्याला त्याला सांगत होते.

"काका, चमच्याला विष कळत नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. त्यांनी यकृत वाचवणारं औषध दुसऱ्या गावाहून मागवलं. ते माझ्या आकड्याला टांगलं आणि थेंब थेंब काकूंच्या शिरेत जाऊ लागलं.

दुसऱ्या दिवशी काकूंच्या उलट्या थांबल्या. "मला घरी न्या," त्या म्हणाल्या.

"हेच फसवं असतं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पोट शांत होतं आणि विष आत यकृत पोखरत असतं. काका, तुम्हीही खाल्लीत ना? तुम्हालाही औषध लावते."

"मला काय धाड भरलीय? एकदा उलटी झाली, आता ठणठणीत आहे!"

सुई टोचून घेणं म्हणजे आपणच विष वेचलं हे कबूल करणं. ते काकांच्या जिवावर येत होतं. डॉक्टरबाईंनी परोपरीनं समजावलं, काकूंनी हात जोडले. काकांनी खिशातून तेलाची कुपी काढली, खाली बसून माझ्या चाकात तेल सोडलं. "याचं रडणं तरी थांबवतो," म्हणाले आणि घरी गेले. इतक्या वर्षांत माझ्यापुढे असं कुणी बसलं नव्हतं हो!

काका परत आले ते स्ट्रेचरवरून. डोळे पिवळेधमक झाले होते. तेच औषध लगेच चालू केलं, पण उशीर झाला होता.

काकू मला धरून काकांच्या खाटेपर्यंत चालत गेल्या. माझं चाक जराही वाजलं नाही.

"माझंच चुकलं गं," काका म्हणाले.

"हे त्या दिवशीच म्हणाला असतात तर!" काकूंनी त्यांचा हात घट्ट धरला.

काकू बऱ्या होऊन घरी गेल्या, एकट्याच.

मित्रांनो, मला पुसायला विसरलात तरी चालेल. पण काही विषारी पोटात गेलं आणि डॉक्टर 'थांबा' म्हणाले, तर बरं वाटलं तरी थांबा. चुकलं असेल तर वेळेवर सांगा.

माझं चाक अजून वाजत नाही. "रडका सुधारला!" नर्सताई हसून म्हणतात. मला मात्र आताच खरं रडू येतं.