पिवळा-काळा मफलर

आमच्या रीगाच्या विद्यार्थी-कॉयरमध्ये, म्हणजे गायकवृंदात, एक खुळी रीत आहे. दौऱ्याच्या शेवटच्या दिवशी नव्या पोरांच्या गळ्यात कॉयरचा पिवळा-काळा मफलर पडतो. जुन्यांपैकी कुणीतरी तो बांधायचा, आणि घरी जाणारी बस सुटेपर्यंत तो निघता कामा नये. बाकीचे आम्ही दिवसभर टपलेलेच असतो. मागून जायचं, हिसका द्यायचा, पळायचं. ज्याचा मफलर गेला त्याने वर्षभर तालमीला सगळ्यांच्या खुर्च्या उचलायच्या.

यंदा माझा धाकटा भाऊ रेनार्स टेनरमध्ये, उंच आवाजाच्या पोरांत, आला होता. अंगाने काडीपैलवान, पण तोरा विचारू नका. क्राकूव या पोलिश शहराच्या बाजारचौकात मी त्याला मफलर बांधत होते, तेव्हाही साहेबांची मान ताठ.

"इंगूना, अजून आवळ," तो म्हणाला. "तो गुंटिस सकाळपासून माझ्यावर डोळा ठेवून आहे."

"जीव जाईल की रे."

"जाऊ दे. पण खुर्च्या नाही उचलणार मी."

मी दुहेरी गाठ मारली. गुंटिस आमच्या बास, म्हणजे खर्जातल्या लोकांचा म्होरक्या. सहा फूट उंच, आणि टवाळ तर इतका की बोलायची सोय नाही. त्याने चर्चमध्ये एकदा आणि चहाच्या टपरीवर एकदा, असे दोन हिसके देऊन पाहिले. गाठ हलली नाही. रेनार्स हसून हसून लाल झाला होता. "गुंट्या, तुझ्या बापाला जमणार नाही!"

आदल्या संध्याकाळी आमचा कार्यक्रम छान झाला होता, त्यामुळे सगळेच हवेत होते. दुपारी आम्ही नदीवरचा पूल ओलांडून बसकडे निघालो. बस पलीकडच्या वस्तीत, एका गोदामामागे उभी होती. त्या वस्तीत पिवळ्या-काळ्या रंगाचा अर्थ काय होतो, हे आमच्यातल्या एकालाही ठाऊक नव्हतं. ते वैरी फुटबॉल क्लबचे रंग होते आणि त्या दिवशी सामना होता. हे सगळं नंतर पोलिसाने सांगितलं. नंतर सांगून काय उपयोग?

रेनार्स आमच्या थोडा पुढे, एकटाच शीळ घालत चालला होता. बाजूच्या बोळातून डोळ्यांवर टोप्या ओढलेली तीन पोरं निघाली. एकाने मागून त्याचा मफलर धरला आणि जोरात हिसका दिला.

रेनार्सने मागे वळूनही पाहिलं नाही. त्याला वाटलं आपलेच आहेत. "गुंट्या, सोड की मेल्या!" तो हसत ओरडला आणि त्याने कोपर मागे हाणलं. ते त्या पोराच्या नाकावर बसलं. नाकातून भळाभळा रक्त आलं.

गुंटिस माझ्या शेजारी पाव खात होता. "अगं, मी तर इथे आहे," तो म्हणाला.

मग जे झालं ते फार पटकन झालं. नाक फुटलेल्या पोराने मफलर मुठीला गुंडाळला आणि रेनार्सला पाठीवर पाडून फरफटत बोळाकडे नेलं. गाठ सुटेना. रेनार्स दोन्ही हातांनी गळा खरवडत होता, त्याचे पाय रस्त्यावर आपटत होते. दुसरा त्याच्या बरगड्यांत लाथा घालत होता. गुंटिस पाव फेकून धावला, तर तिसऱ्याने त्याच्या हातावर दांडकं घातलं. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. लाथा घालणाऱ्याने सुरा काढला आणि माझ्या डोळ्यांदेखत माझ्या भावाच्या कानापासून गळ्याच्या हाडापर्यंत ओढला.

माझ्या हातात चहाचा थर्मास होता, स्टीलचा, भरलेला. मी तो फिरवत घुसले. माझ्यामागे सगळा कॉयर घुसला, मुलीसुद्धा. सुरेवाला आणि दांडकेवाला पळाले. नाक फुटलेला पळू शकला नाही, कारण मफलर त्याच्याच मुठीला अडकला होता. मी त्याच्या डोक्यात थर्मास घातला. तो खाली बसला. मी पुन्हा घातला. त्याची मूठ सुटली, त्याने डोकं हातांत लपवलं, काहीतरी बोलला. मला पोलिश येतं, आमची आई पोलिशच आहे. तो "पुरे, बाई, पुरे" म्हणत होता. मला सगळं समजत होतं आणि मी मारतच होते. थर्मास चेपला तेव्हा मी मुठींनी मारलं.

कॉयर शिकवणाऱ्या आमच्या मार्गेर्स सरांनी मला मागून उचललं. त्या माणसाने कधी आवाज चढवलेला मी पाहिला नव्हता. "इंगूना! मरेल तो!"

"मरू दे," मी म्हटलं. मनापासून म्हटलं.

इस्पितळात शस्त्रक्रियेच्या खोल्यांबाहेर एकच बाक होता. बाकीच्यांना पोलीस जबानीला घेऊन गेले होते. बाकावर एक मुलगी बसली होती, माझ्याच वयाची, बेकरीचा पांढरा एप्रन घातलेली. पिठाचे हात तसेच. मी दिसल्यावर ती सरकली.

"आत कोण आहे तुमचं?"

"भाऊ," मी म्हटलं.

"माझाही. तिमेक." तिने खिशातून बन काढून अर्धा मोडून मला दिला. "शाळा सुटली की नुसता त्या फुटबॉलवाल्या गुंडांच्या मागे. आईच्या माघारी मीच बघते त्याला, पण ऐकतो कुठे? डोकं फोडलंय कुणीतरी त्याचं. नाकाचा तर पार चुरा."

माझा घास तोंडातच फिरायला लागला.

"कुणी ते कळू दे मला," ती शांतपणे म्हणाली. "एकेक बोट मोडीन त्याचं."

तेवढ्यात डावीकडचं दार उघडलं आणि डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. "रेनार्सचं कोण? जिवाचा धोका टळलाय. गाता येईल का, ते आज नाही सांगता येणार."

मी रडायला लागले. त्या मुलीने मला मिठी मारली, घट्ट, सख्ख्या बहिणीसारखी. "बघ, तुझा वाचला. आता माझाही वाचेल." मग तिने धीर द्यायला माझे हात हातांत घेतले आणि ते तिला दिसले. फुटलेली, सुजलेली बोटं, नखांत वाळलेलं रक्त.

"हे काय झालं?"

खोटं बोलता आलं असतं. दाराशी आपटले म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण तिचा बन माझ्या तोंडात होता.

"तिमेकने माझ्या भावाला गळ्याला धरून फरफटत नेलं," मी म्हटलं. "तो पुरे म्हणत होता. तरी मी मारलं."

तिने हात सोडला नाही. माझी करंगळी तिने मुठीत धरली आणि हळूहळू मागे वाकवली. कळ खांद्यापर्यंत गेली. मी हात ओढून घेतला नाही. मग वाकवता वाकवता ती थांबली.

"थांब," ती म्हणाली. "आधी डॉक्टर काय सांगतात ते ऐकू."

काही तासांपूर्वी मला तो पोरगा मेलेला हवा होता. आता तो जगावा म्हणून मी आईने शिकवलेली प्रार्थना पुटपुटत होते, माझ्या बोटासाठी नव्हे, देवाशपथ. उजवीकडचं दार बंदच होतं. माझी करंगळी तिच्या मुठीत होती आणि आम्ही दोघी त्या दाराकडे बघत बसलो.