काच खाणारं भस्म

गुरुवारी सकाळी झुंबरबाईच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. गोरक्षनाथ महाराज देवीच्या फोटोवर तिची पावलं उमटवणार होते. मी म्हातारी मुद्दाम पुढे बसले. महाराजांच्या भगव्या बाह्यांतून रबरी हातमोजे डोकावत होते, ते मला फार आवडले.

महाराजांनी फोटोच्या काचेवर ओलं भस्म फासलं, कापड टाकलं आणि डोळे फिरवले. "ओम फट्, माते झटपट! पापी माणसानं श्वास धरावा!" पाव तास आम्ही पापी गुदमरलो. मग त्यांनी कापडाखाली हात घालून काच धुतली. दोन इवली पांढरी पावलं! बायांनी काथ्यानं घासघास घासली, पावलं हलेनात.

झुंबरबाईनं नात पुढे ओढली. छकुलीच्या टाचेची जखम महिनाभर भरत नव्हती.

"महाराज, जल्दी हिला भस्म लावा."

महाराज चपापले. "माय, हे काचेपुरतंच असतं."

"देवीला काच कळती, लेकरू न्हाई कळत?"

लोक हसले. महाराजांनी घाम पुसला. "घे डबी. पण मी गेल्यावर लाव."

"काकू, थांबा!" भागवत पुढे आला. तो भोकरदनला काचेच्या दुकानात शोकेसवर मोर काढतो. त्यानं महाराजांचं कापड झटकलं. पावलांच्या आकाराची भोकं पाडलेली पारदर्शक चिकटपट्टी खाली पडली.

"मोर बी असाच काढतो आम्ही. महाराज, मोजे द्या बरं."

मोजे चढवून त्यानं झुंबरबाईच्या आरशाला चिकटपट्टी लावली, तिच्यात चपलेचा आकार कापला आणि काडीनं भस्म फासलं. पाव तासानं आरसा धुतला. चप्पल उमटली, अंगठ्यासकट.

"घ्या दर्शन!"

मग त्यानं मोजे काढून बिननखाचं बोट दाखवलं. "ह्याच्यात फ्लोरिनचा क्षार हाय. टूथपेस्टमंदी चिमूटभर फ्लोराइड दात राखतं, पण हा क्षार काच खातो. कातडीला आधी कळत न्हाई. मंग आतलं कॅल्शियम धरतो, हाडाला भिडतो. एक थेंब लागल्ता, तीन दिवस बोंबलत व्हतो."

झुंबरबाईनं डबी महाराजांपुढे धरली. "आधी तुमच्या हाताला लावा."

महाराजांनी मोटारसायकलीला किक मारली. मोजे इथेच राहिले.

छकुलीला दुपारीच दवाखान्यात नेलं. टाचेतून बाभळीच्या काट्याचं टोक निघालं. महिनाभर आम्ही देवी शोधली, काटा कुणीच शोधला नाही.

म्हणून सांगते, चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी एवढंच विचारा: ह्यानं हातमोजे का घातलेत?