बिननावाचे चार जबडे

सुट्टीवरून माणूस परत येतो, पण त्याचं अंग मागाहून दोन दिवसांनी येतं. भिंगरीच्या आईचं अंग त्या सकाळी अजून वाटेतच कुठेतरी रेंगाळत होतं. आठ दिवस समुद्राकाठी जाऊन आली, असं सगळे म्हणत होते. तीन वर्षांच्या मुलीला घेऊन गेलेल्या बाईची सुट्टी म्हणजे काय, तर घरचीच धुणी परक्या नळाखाली धुवायची. बॅगा अजून दारातच होत्या. तिला एक मोजा सापडला, दुसरा सापडेना, आणि भिंगरी पायाला जळूसारखी चिकटलेली.

"पाचला येते गं राणी. नक्की."

"पाच म्हणजे कधी?"

"तू झोपून उठशील, दूध पिशील, आजीबरोबर खाली जाऊन झोका खेळून येशील, की मी आलेच."

"झोका नाही खेळले तर लवकर येशील?"

सासूबाईंनी पोरीला उचललं, मानेनेच 'जा' म्हटलं, आणि भिंगरीची आई रडण्याचा आवाज पाठीवर घेऊन दोन जिने उतरली.

तिचं काम कवळ्या करण्याचं. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाची मापं पाठवतात, त्या मापांत प्लास्टर ओतून जबडे काढायचे, जबड्यांवर मेणाच्या हिरड्या चढवून दात रोवायचे. ती मेणाची कवळी एकदा पेशंटच्या तोंडात घालून बघितली जाते. पसंत पडली की मेण उकळून काढायचं आणि त्या जागी प्लास्टिकचा पक्का मसाला भरून शिजवायचा. तीन खोल्यांची प्रयोगशाळा, चष्म्याच्या दुकानाच्या डोक्यावर. मालक पत्ता सांगताना म्हणायचे, "खाली डोळे, वर दात. नाक-कान अजून कोणी उघडलं नाही."

दार उघडलं आणि ती उंबऱ्यातच थबकली. खोली चकाचक होती. ओटा घासलेला, खिडक्या पुसलेल्या, आणि भिंतीवरच्या फळीवर अडतीस जबडे ओळीत उभे. मोठे मागे, मधले मध्ये, लहान पुढे. शाळेत वर्गाचा फोटो काढतात तसे. सगळे मेणाच्या हिरड्या दाखवून तिच्याकडे बघून हसत होते.

"कसं वाटतंय?" मालकांची बायको, जिला सगळे वहिनी म्हणत, पदराला हात पुसत पुढे आली. "तू नव्हतीस ना, एक हात कमी पडत होता. म्हटलं आपण निदान आवरून तरी द्यावं. ते सगळे ट्रे काय कळकट झाले होते गं! कालचा अख्खा दिवस घासले."

"आणि ट्रेमधल्या चिठ्ठ्या?"

"टाकल्या नाहीत हं! सगळ्या जपून एका पाकिटात ठेवल्यात."

भिंगरीच्या आईने पर्स खांद्यावरून उतरवलीच नाही. कुठल्या ट्रेमध्ये कोणाचा जबडा हे त्या चिठ्ठीवरून कळायचं. चिठ्ठ्या एकीकडे, जबडे एकीकडे. म्हणजे अडतीस जबडे नावं घरी विसरून आलेले.

"आलीस ताई?" पलीकडच्या खोलीतून पॉलिशवाला डोकावला. दिवसभर मशिनवर दात घासतो म्हणून त्याला घासूदादा म्हणत. "बरं झालं. हे संमेलन आता तूच आटोप. आणि ऐक, प्लास्टर कालवायचं मशीन गळतंय, एका डॉक्टरांनी ब्रिजचा दात परत पाठवलाय, म्हणतात हा माणसाचा वाटत नाही, आणि फोन सकाळपासून—"

फोन वाजलाच. मालकांनी तो कानाला लावला, आणि त्यांच्या कपाळावरच्या आठ्या एकेक करून मोजता याव्यात इतक्या वर चढल्या.

"हो डॉक्टर. आजच. आठच्या आत. हो हो, ती आलीय ना आता सुट्टीवरून." फोन ठेवून ते वळले. "आपल्या यादीतल्या तीन नंबरच्या डॉक्टरीणबाई. त्यांच्या त्या शिवणवाल्या आजी उद्या पहाटेच्या गाडीने मुलीकडे चालल्यात, बाळंतपणाला. चार महिने. मेणाची कवळी तोंडात घालून पसंत करून झालीय, फक्त शिजवायची राहिलीय. काढ बरं त्यांची."

कोणीच काही काढलं नाही. मालकांनी फळीकडे बघितलं, मग वहिनींच्या हातातल्या पाकिटाकडे, आणि त्यांच्या डोक्यात उजेड पडला.

"कोणी सांगितलं होतं तुला आवरायला? घरात ठीक आहे गं, इथे माणसांची तोंडं आहेत! आता आजीबाईंना काय सांगू, चार महिने मऊ मऊ गिळत बसा? नातवंडाचा पापा घ्यायला जातायत की..."

वहिनींचा चेहरा बघता बघता लाल झाला.

"थांबा," भिंगरीची आई म्हणाली. "उलटे करून बघू या. तळाला नंबर असतो."

प्लास्टर ओलं असतानाच जबड्याच्या तळाला सुईने नंबर कोरायचा, हा नियम या जागेत तिनेच आणला होता. चिठ्ठी हरवू शकते, कोरलेलं हरवत नाही. घासूदादा एकेक जबडा उलटा करत गेला, ती नंबर वाचत गेली, वहिनी पाकिटातून चिठ्ठ्या काढून त्या त्या जबड्याखाली ठेवत गेल्या. अर्ध्या तासात चौतीस जबड्यांना आपापली नावं मिळाली.

चार उरले. दोन वरचे, दोन खालचे. तळ कोरा, गुळगुळीत.

"हे बघ, पुसले गेले घासताना!" मालक पुन्हा वहिनींवर घसरले. "तरी मी म्हणत होतो—"

प्लास्टरमध्ये कोरलेला नंबर फडक्याने पुसला जात नाही. हे मालकांनाही माहीत होतं, पण राग आला की माणसाला माहीत असलेलंही आठवत नाही. भिंगरीच्या आईला मात्र सगळं लख्ख आठवलं. सुट्टीच्या दोन-तीन दिवस आधीची दुपार. कान आणि खांद्याच्या बेचक्यात फोन, पलीकडे सासूबाई, 'अगं हिला सर्दी झालीय, जायचं की नाही ठरव.' एका हातात प्लास्टरचं भांडं, दुसऱ्या हातात माप. जायचं, नाही जायचं, जायचं. ठरेपर्यंत प्लास्टर धरलं होतं आणि सुई ओट्यावर तशीच पडली होती.

ती गप्प बसली असती तरी चाललं असतं. वहिनींनी चार बोलणी खाल्लीच होती, आणखी दोन खाल्ली असती. पण खोटं बोलायलाही अंगात त्राण लागतं, ते त्या सकाळी तिच्याकडे नव्हतं.

"पुसले नाहीत गेले," ती म्हणाली. "मी घातलेच नव्हते. त्या दिवशी माझं लक्ष घरी होतं. वहिनींनी हात लावला नसता तर कळलंही नसतं, एवढंच."

वहिनींनी तिच्याकडे बघितलं, आणि मग नवऱ्याकडे. त्या बघण्याची शिल्लक संध्याकाळी घरी गेल्यावर वसूल होणार हे सगळ्यांना कळलं.

वर-खालचा चावा जुळवून दोन जोड्या लागल्या. उरलेल्या चिठ्ठ्याही दोन. दोन्ही आज्याच. दोघींचे जबडे लहानखुरे, दोघींच्या दातांचा आकार एक, छटा एक. एक आजी उद्या पहाटे निघणार. दुसऱ्या आजींची मेणाची कवळी अजून तोंडात घालून बघायचीच होती, त्यांना गुरुवारी बोलावलं होतं.

"दोन्ही शिजवून टाक ना," घासूदादा म्हणाला. "तोंड आपोआप सांगेल कुठली कोणाची."

"आणि दुसऱ्या आजींचा चावा चुकला असेल तर? मेण एकदा उकळलं की परत फिरता येत नाही रे. गुरुवारी त्या बिचाऱ्या येऊन काय, दगड चावणार?"

"मग?"

"मग आजींनाच बोलवायचं."

डॉक्टरीणबाईंना फोन तिने स्वतः केला. चूक कोणाची ते पहिल्याच वाक्यात सांगितलं, म्हणजे मध्ये कोणी यायला नको. पलीकडून जे ऐकू आलं ते तिने शेवटपर्यंत ऐकलं. 'तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती' हे दोनदा आलं. शेवटी, "पाठवते. पण आज झालं पाहिजे."

बारा वाजता आजी आल्या. बांधा काडीसारखा, हातात कापडी पिशवी, दात नसल्याने गाल आत गेलेले. बोलणं हवेतच जास्त विरत होतं.

"आयुफ्य गेलं लोकांची मापं घेण्यात," त्या स्टुलावर टेकत म्हणाल्या, "आणि आता माझंच माप हरवलंत होय गं?"

"चुकलं आजी. नाव घालायला विसरले."

"कापड कापायच्या आधी खडूने नाव! पहिला धडा. माझ्याकडे शिकायला असतीस तर कात्री काढून घेतली असती."

"घ्यायलाच हवी होती," ती म्हणाली, आणि मेणाची पहिली कवळी गार पाण्यातून काढून त्यांच्या हातावर ठेवली.

आजींनी ती घातली, ओठ मिटले, उघडले. "छान आहे की."

तिने दुसरी दिली. आजींनी तीही घातली. "हीपण छान आहे. कुठलीही दे बाई, मला सामान बांधायचंय."

घासूदादाने तोंड फिरवून हसू गिळलं. भिंगरीच्या आईला हसूही येईना, रडूही येईना. दोन महिने रिकाम्या तोंडाने काढलेल्या माणसाला काहीही घातलं तरी छानच वाटणार.

"आजी, अंक म्हणा. साठपासून सत्तरपर्यंत. जोरात. 'स' कसा निघतो बघू."

पहिली कवळी घालून आजी एकसष्टला फुसफुसल्या, बासष्टला शीळ वाजली, आणि त्रेसष्टला वरची कवळी हनुवटीवर येऊन टेकली. दुसरी घातली. एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट. अडूसष्ट. एकोणसत्तर. आजी सत्तरला थांबल्याच नाहीत, स्वतःच्याच आवाजाच्या नादात पंच्याहत्तरपर्यंत गेल्या.

"हीच," दोघी एकदमच म्हणाल्या.

तळाला नाव घालून तिने कामाला हात घातला तेव्हा घड्याळात पाऊण वाजला होता. डब्यात जबडा बसवायचा, प्लास्टर धरेपर्यंत थांबायचं, मेण उकळायचं, मसाला भरायचा, शिजवायचा, आणि निवायला तर घाई चालतच नाही. गरम डबा उघडला की कवळी वाकते. तिने मनात बेरीज केली, परत केली. कुठूनही केली तरी सात वाजत होते.

तीनला डबा पाण्यात सोडून तिने घरी फोन लावला.

"झोका नाही खेळली ती," सासूबाई म्हणाल्या. "म्हणते, खेळलं नाही तर आई लवकर येते. दारात बसलीय बूट घालून. उलटे."

"द्या तिला."

पलीकडे नाक ओढल्याचा आवाज आला.

"भिंगरे, आईला उशीर होणार गं. एका आजींचे दात राहिलेत."

"तिचे तिला करू दे."

"तिला नाही येत. आई चुकली ना, म्हणून आईलाच करायचेत."

भिंगरीने पुन्हा नाक ओढलं. मग म्हणाली, "आई, तू सुट्टी परत चालू कर ना." आणि फोन तसाच जमिनीवर ठेवून दिला. सासूबाईंनी उचलेपर्यंत तिला फक्त घरातल्या पंख्याची घरघर ऐकू येत राहिली.

आजी सामान बांधायला गेल्या होत्या त्या साडेसहालाच परत आल्या. वहिनींनी त्यांना चहा दिला, मग काही न विचारता भिंगरीच्या आईच्या कोपरापाशीही एक कप ठेवला. तिने तो एका हाताने प्यायला. दुसऱ्या हाताने प्लास्टर फोडून ती कवळी बाहेर काढत होती, जुन्या भिंतीतून नळ काढावा तशी, हळूहळू. घासूदादा घरी जायची वेळ उलटून गेली तरी थांबला होता. त्याने कडा घासल्या, चकाकी आणली, बोट फिरवून बघितलं आणि मान डोलवली.

आजींनी दात घातले.

"इथे टोचतंय."

तिने कणभर घासलं.

"आता तिकडे."

पुन्हा घासलं. तिसऱ्यांदा कुठेच टोचलं नाही. गाल भरून आले होते. जिभेने एकेक दात चाचपत त्या बराच वेळ बसून राहिल्या, नव्या घरात खोल्या बघत फिरावं तशा.

"डॉक्टरीणबाईंना दाखवून मगच घरी जा आजी. आठपर्यंत आहेत त्या."

"जाते." त्या उठल्या. दारात वळून म्हणाल्या, "तुला लहान मूल आहे ना गं? दुपारी फोनवर बोलत होतीस म्हणे, ही बाई सांगत होती. जा आता घरी. आमच्या दातांपायी पोर ताटकळली." आभार वगैरे काही नाही. माफही केलं की नाही, कळलं नाही. जिना उतरताना पावलं तेवढी ऐकू आली.

भिंगरीची आई स्टुलावर बसली. बोटांना प्लास्टर वाळून चिकटलं होतं, पाठ लाकडाची झाली होती. आता उठून हात धुवायचे, पर्स घ्यायची, एवढंच होतं, आणि तेवढंही डोंगराएवढं वाटत होतं.

खालून आवाज आला. उघड्या खिडकीतून, रस्त्यावरून. आजी टॅक्सीवाल्याशी भांडत होत्या.

"सरळ रस्ता सोडून वळसा कशासाठी घालतोस? सांगतेय ना, सातच मिनिटांचं अंतर आहे! साठ वर्षं राहतेय मी ह्याच शहरात!"

शब्द न् शब्द धारदार, सुटा. एकही हवेत विरला नाही. घासूदादाने मशीन बंद केलं. वहिनी कप धुता धुता थांबल्या. तिघंही ऐकत राहिली, टॅक्सीचं दार धाडकन लागेपर्यंत.

मग भिंगरीच्या आईने नळ सोडला आणि हात धुवायला घेतले.