खुर्चीत बसून बघा

आमच्या काम्पेन या डच गावातल्या मत्स्यालय मंडळाने घरी येऊन माशांच्या टाक्यांचं परीक्षण करायची पद्धत बंद केली, तेव्हा मी हात वर केला नव्हता. बाकी सगळ्यांनी केला. यापुढे टाकीचा फोटो पाठवायचा आणि परीक्षक तो आपल्या घरी बसून बघणार. अध्यक्ष यॉर्न म्हणाला, कुणाला वेळ नाही, परीक्षकांना प्रवास झेपत नाही, आता जग असंच चालतं. जग कसंही चालो, माझी टाकी माझ्या बैठकीच्या खोलीत आहे.

माझ्या तरुणपणी या गावात खाटकाकडे, स्टेशनमास्तरकडे, शाळेतल्या मास्तरांकडे अशी पाण्यातली बाग असायची. दगडांचं कौतुक नव्हतं. रुंद पानाशेजारी बारीक पान, हिरव्याशेजारी लाल, आणि मधून तिरकी जाणारी लोबेलियाच्या रोपांची गल्ली, पुढे बोटभर आणि मागे वीतभर, जिन्यासारखी चढवलेली. परीक्षक यायचा, कोट काढायचा, खुर्चीत बसायचा आणि बराच वेळ टाकीकडे बघत राहायचा. तोवर घरातलं कुणी खोकायचं नाही. मग दिवस पालटले. तरुणांना दगडांचे डोंगर आणि त्यावर हिरवळ आवडायला लागली, आणि आमच्या लोकांनी एकेक करत टाक्या विकल्या.

यॉर्नच्या घरीही डोंगरच. त्याचा फोटो कसा काढतात ते त्यानेच एकदा कौतुकाने सांगितलं होतं. आधी नळ्या काढायच्या, मग केस वाळवायच्या यंत्राने पाण्यावर वारा सोडून लाटा उठवायच्या, मासे हाकून जागेवर आणायचे. फोटो झाला की डोंगर मोडायचा आणि नवा रचायला घ्यायचा. माझी गल्ली त्याच्या लग्नाआधीपासून जिथल्या तिथे आहे.

"अगं फेम्मी, एक फोटो पाठव आणि मोकळी हो," माझा नवरा बेरेंड म्हणाला. "तुझ्या भाजीच्या वाफ्याला कोण नावं ठेवतंय?"

मी पाठवला. त्यात टाकी होती, शेजारचा दिवा होता, समोरची खुर्ची होती आणि स्टुलावर ठेवलेले बेरेंडचे मोज्यातले पायही होते. उत्तर आलं, प्रवेशिका बाद. फोटोत फक्त टाकी दिसली पाहिजे.

निकालाच्या सभेत मी उभी राहिले. "माझी टाकी बाद झाली म्हणता. ती कुणी बघितलीच नाही, तर बाद कशी झाली? शनिवारी माझं दार उघडं आहे. ज्याला मला नापास करायचंय, त्याने येऊन खुर्चीत बसून करावं."

मागे कुणीतरी हसलं. यॉर्नने समजुतीच्या सुरात सांगितलं की आपल्या जुन्या डच पद्धतीच्या टाक्या आता कुठल्या कुठल्या देशांत लावतात, त्यांच्या वेगळ्या स्पर्धा होतात, आणि त्याही फोटोवरच. मी म्हटलं, लावू देत, चांगलंच आहे. पण ती बाग बघायला कुणी त्यांच्या घरी जातं का, ते सांग. त्याने पुढचा निकाल वाचायला घेतला.

शनिवारी मी काच पुसली, पिवळं पान काढलं, कॉफी केली. सकाळ गेली तरी कुणी आलं नाही. बेरेंडने पाहुण्यांसाठीच्या डब्यातलं दुसरं बिस्कीट खाल्लं आणि मी त्याच्यावर नको तेवढी ओरडले. मला अपमान झोंबत होता. कुणी येणार नसेल तर एवढी वर्षं मी ही रोपं कुणासाठी कापत बसले होते?

दुपार कलल्यावर यॉर्न आला. कोट काढत नाही, लगेच निघायचंय, म्हणाला आणि खुर्चीत बसला. सवयीने त्याने फोन काढला. मी तो खिशात ठेवायला लावला.

माणूस नवा दिसला की माझे पेन्सिल मासे पानांमागे जातात. यॉर्न बसून राहिला. मग लाल पानांच्या आडून एक आला, त्यामागे दुसरा, आणि हळूहळू सगळा थवा गल्लीवर येऊन थांबला. यॉर्नने बसल्या बसल्याच कोट काढला. कॉफी निवली तरी त्याचं तिकडे लक्ष नव्हतं.

"गल्लीची मधली पायरी वर आलीय," तो शेवटी म्हणाला. "अर्धा गुण कापला."

माझं डोकं फिरलं, आणि त्याच वेळी मला रडू यायला लागलं. किती वर्षांनी कुणीतरी माझा गुण कापला होता.

"तू तिरका बसलायस," मी म्हणाले.

त्याने खुर्ची सरकवली आणि पुन्हा बघितलं. "तरीही वर आलीय."

"मी आठवडाभर हेच सांगतोय," मागून बेरेंड म्हणाला. मी त्याला गप्प बसवलं.

निघताना मी यॉर्नला विचारलं, तुझा डोंगर कधी मोडणार? फोटो झालाय, सोमवारी मोडतो, असं तो म्हणाला.

"सोमवारी मोडायचा नाही. मी बघायला येणार आहे. टाकीसमोर खुर्ची ठेव."

तो हसला. "फेम्मी, माझ्या टाकीसमोर खुर्चीच नाही. तिथे कॅमेऱ्याचा स्टँड असतो."

"मग पहिला गुण तिथेच कापला," मी म्हणाले.

सोमवारी मी आमची घडीची खुर्ची सायकलला बांधली आणि पुलापलीकडे यॉर्नच्या घरी निघाले.