अक्षतांआधी पुसलेला चेहरा

सांडूनं मोनिकाच्या तोंडावर फेसाचा स्प्रे मारला आणि माझ्या नवऱ्यानं त्याच्या कानाखाली आवाज काढला. तिथून सगळं सुटलं.

मोनिका माझी नणंद, इंद्रजीतची एकुलती एक धाकटी बहीण. बीड बायपासवरच्या लॉनमध्ये तिचं लग्न होतं. मे महिन्यातला, भर दुपारचा मुहूर्त. वऱ्हाड वैजापूरचं. मोनिका फुलांच्या चादरीखालून चालत मांडवाकडे निघाली होती, चादरीची टोकं आमच्याकडच्या चार भावांनी धरलेली. नवरदेवाचा चुलतभाऊ सांडू सकाळपासून तो डबा घेऊन फिरत होता. म्हाताऱ्यांच्या टोप्यांवर मारून झालं, वाजंत्र्यांवर मारून झालं. मग त्यानं चादरीखाली वाकून थेट नवरीच्या डोळ्यांत मारला आणि वर म्हणाला, "बघू दे की खरा रंग."

चादर खाली पडली. झेंडू तुडवले गेले. डीजेवाल्याला गाणं बंद करायचं सुचलं नाही, त्यामुळे पुढचं सगळं ढोलाच्या तालावर झालं. वैजापूरची दहाबारा पोरं इंद्रजीतवर आली, आमची कन्नड गावची त्यांच्यावर. कुणीतरी भट्टीवरचा झारा आणला होता. तो एका काकांच्या भुवईवर बसला आणि रक्त त्यांच्या पांढऱ्या शर्टावर असं उतरलं, जसं कुणी तांब्या उपडा करावा. मी मनूचं तोंड माझ्या खांद्यात दाबून धरलं. सात महिन्यांची पोर माझी, ढोल ऐकून हसत होती.

सांडू खाली पडला होता. इंद्रजीतनं लोखंडी घडीची खुर्ची डोक्यावर उचलली. खरंच मारणार होता तो. त्याचा चेहरा मी चार वर्षं रोज बघते, पण तो त्या क्षणी मला ओळखू आला नाही. मोनिका शालू वर धरून मधे धावली, "दादा, सोड, सोड त्याला" म्हणत. तेवढ्यात मागून कुणीतरी इंद्रजीतची कॉलर ओढली. खुर्ची तिरकी खाली आली आणि तिचा पाय मोनिकाच्या डाव्या बरगडीखाली बसला. इंद्रजीत तोवर मागच्या माणसाकडे वळलाही होता. त्यानं पाहिलं नाही. मी पाहिलं.

ती कमरेत वाकली. मग सरळ झाली.

मी एका हातानं मनू आणि दुसऱ्या हातानं तिला धरून नवरीच्या खोलीत आणलं. "लागलं ना?"

"काही नाय वैनी. दादाला सांगू नको. लई पेटंल अजून."

मनूला सतरंजीवर ठेवलं आणि तिचेच ओले वाइप्स घेऊन मोनिकाच्या तोंडावरचा फेस पुसला. खाली मेकअप जसाच्या तसा. गारखेड्यात घराच्या पुढच्या खोलीत माझं पार्लर आहे. नणंदेच्या लग्नात हात आखडता कसा घेणार? पहाटेपासून बसून केला होता. वॉटरप्रूफ फाउंडेशन, त्यावर दोनदा फिक्सर. सकाळीच तिला म्हणाले होते, रड, नाच, काय वाट्टेल ते कर, हा चेहरा उद्या सकाळपर्यंत हलणार नाही. त्यावर ती म्हणाली होती, "गॅरंटी कार्ड दे मग."

बाहेर खुर्च्या आपटत होत्या. काहीतरी काचेचं फुटलं. एक बाई कुणाला तरी आईवरून शिव्या देत रडत होती. मोनिका आरशासमोर ताठ बसली होती, आणि आरशातली नवरी इतकी देखणी दिसत होती की मला भरून आलं. गुलाबी गाल, लाल ओठ, कपाळभर मळवट.

काही वेळानं आवाज कमी झाला आणि सासूबाई आत आल्या. पदर फाटला होता, पण आवाज शांत. "मिटलं. तात्यासाहेब स्वतः मधे पडले." तात्यासाहेब म्हणजे मोनिकाचे होणारे सासरे. "म्हणले, मारामारी कोणत्या लग्नात होत न्हाई, भटजी थांबलेत, अक्षता पडू द्या, मग बघू कोण कोणाचं काय लागतं. नीरजा, हिला जरा नीट कर अन् आण."

त्यांनी मोनिकाकडे पाहिलं आणि त्यांचा जीव भांड्यात पडल्याचं मला दिसलं. "बघ कशी टवटवीत हाय माझी लेक. काही झालं नाय तिला."

मी पफ घेतला. कपाळावर, मळवटाच्या कडेनं, घामाचे थेंब होते. टिपले, पावडर लावली. पावडर लावून हात बाजूला करेपर्यंत थेंब परत आले. कूलर तिच्या तोंडावर सोडलेला होता. मी पुन्हा टिपलं, आणि ते पुन्हा आले. बोट लावून बघितलं तर कपाळ माठासारखं गार.

"मोने, कसं वाटतंय?"

"झोप यायली." ती हसली. "डावा खांदा लई दुखायलाय. शेल्याच्या पिना टोचत असतील."

पिना उजव्या खांद्यावर होत्या.

मनूच्या वेळी माझं रक्त थांबत नव्हतं. मला काही कळत नव्हतं, उलट छान वाटत होतं, हलकं, झोप येत होती. बाळ कुणीतरी पुसून बाजूला ठेवलं होतं आणि मी त्याच्याकडे बघत झोपायला निघाले होते. तेव्हा एक सिस्टर आली, माझी खालची पापणी बोटानं ओढली, ओठ उलटा करून बघितला आणि पळत सुटली. का पळाली हे मला नंतर कळलं. तिनं माझा चेहरा वाचला होता.

मी मोनिकाच्या चेहऱ्याकडे बघितलं. गाल गुलाबी होते, पण ते मी केले होते. ओठांचा लाल रंगही माझ्या डबीतला. नखांवर खोटी नखं, तळव्यांपासून कोपरापर्यंत मेंदी. माझी नणंद मला कुठं दिसतच नव्हती. मला माझंच काम दिसत होतं.

मेकअप काढायची बाटली गाडीत राहिली होती. मी मनूची पिशवी उपडी केली. लंगोट, झबलं, चमचा, आणि तिच्या मालिशची खोबरेल तेलाची बाटली. कापूस तेलात भिजवला आणि मोनिकाच्या ओठांवर दाबून धरला. लिपस्टिक घासायची नसते, थोडं थांबायचं असतं. तेलानं ती सुटते.

"काय करायलीस तू?" सासूबाई.

"आई, चेहरा पुसायचाय. हिला आत कुठंतरी लागलंय."

"डोकं फिरलं का तुझं? अक्षता पडायच्या आत नवरीचं तोंड पुसतेस? वरून कुंकू लावलंय कपाळाला."

"कुंकवाला हात लावत नाही."

"त्यांनी बघितलं तर वऱ्हाड माघारी जाईल. तुला तेच पाहिजे का?" त्यांनी माझं मनगट धरलं. मी सोडवून घेतलं. त्यांनी माझी वेणी धरून मागे खेचलं, मान कडकन वाजली. दुसऱ्या हातानं त्यांनी तेलाची बाटली हिसकली, ती खाली पडून लादीवर तेल पसरलं. मनू रडायला लागली. आणि मी, ज्या बाईला चार वर्षांत उलट शब्द बोलले नव्हते, तिला दोन्ही हातांनी ढकललं. त्या तेलावरून घसरल्या, आरशाच्या टेबलावर आदळल्या. आरसा त्यांच्या पाठीमागे तडकला आणि तुकडे फरशीवर आले. त्यांच्या कोपरातून रक्त यायला लागलं. मी वळून बघितलं नाही. गुडघ्यावर बसून लादीवरचं तेल कापसानं टिपून घेतलं आणि मोनिकाचं तोंड पुसायला लागले.

रोज रात्री मनूचं पुसते तसंच. हनुवटीपासून वर, गालावरून कानाकडे. एका बोळ्यावर फाउंडेशन आलं, दुसऱ्यावर ब्लशर. मोनिका डोळे मिटून होती, तान्ह्या पोरासारखी तोंड पुढं करत होती. मी ओठांवरचा कापूस ओढला आणि लाल रंग त्याच्याबरोबर निघून गेला.

खाली ओठ नव्हतेच. भिजवलेल्या कणकेच्या रंगाच्या दोन कडा होत्या. गाल तसेच. खालची पापणी ओढली, आत सोललेल्या मुळ्यासारखं पांढरं. त्या सगळ्या पांढऱ्यावर कपाळाचा तेवढा मळवट लालभडक.

सासूबाई उठून आल्या होत्या. त्यांनी एकदाच बघितलं. "मोने," म्हणाल्या. मग माझ्याकडे न बघता त्यांनी मोनिकाच्या काखेत हात घातला. "धर तिकडून."

मनूला मी कडेवर घेतलं आणि मागच्या दारानं, भट्टीजवळून आम्ही मोनिकाला नेलं. केटररचा टेंपो उभा होता, त्यात रिकामी पातेली. ड्रायव्हरनं काही न विचारता फाळका पाडला. तेवढ्यात पुढून पुन्हा आरडाओरडा उठला. मिटलेलं परत पेटलं होतं. इंद्रजीत कोपऱ्यावरून धावत आला, हातात मांडवाचा पाइप, शर्टाची बाही फाटून लोंबत होती, एक डोळा सुजून बंद.

"कुठं चालवली हिला? त्यांना वाटंल आपण नवरी पळवली. नीरजा, आत घे तिला, मी एकेकाला..."

"अहो, तिचं तोंड बघा."

त्यानं बघितलं. पाइप हातातून सुटला आणि पातेल्यावर आदळून इतक्या जोरात वाजला की मनू रडायची थांबली. तो टेंपोत चढला, बहिणीचं डोकं मांडीवर घेतलं. मागून दोन दगड आले. एक फाळक्याला लागला, एक इंद्रजीतच्या पाठीला. तो हललासुद्धा नाही.

जवळच्या मोठ्या दवाखान्यात स्ट्रेचरवर घेतलं तेव्हा मोनिका अर्धवट शुद्धीत होती. डॉक्टर तरुण होत्या. "काय झालं?"

सासूबाई पटकन म्हणाल्या, "उपास व्हता. ऊन लागलं. चक्कर आली."

"कुठं पडली का? कुणी मारलं?"

"नाही हो. लग्नघर आहे आमचं."

डॉक्टरांनी सलाईन लावायला सांगितलं. सासूबाई माझ्याकडे बघायला लागल्या, म्हणजे मी गप्प राहावं म्हणून. इंद्रजीत मात्र खरोखर विचारल्यासारखा बघत होता. त्याला खरंच माहीत नव्हतं. मला वाटलं, हे वाक्य मी बोलले की ते आयुष्यभर आमच्या घरात राहील, जेवताना ताटाशेजारी बसेल. पण मनू माझ्या कडेवर होती आणि तिच्या तोंडावर मोनिकाच्या गालाचा गुलाबी रंग लागला होता, माझ्या हातांवरून आलेला.

"लोखंडी खुर्ची लागलीय," मी म्हणाले. "डाव्या बरगडीखाली, जोरात. तासभर झाला असेल. डावा खांदा दुखतोय म्हणत होती."

डॉक्टरांचा हात तिथं गेला आणि मोनिका किंचाळली. "सोनोग्राफी, आधी. रक्त मागवा. सर्जनना बोलवा." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "पोलीस केस होईल. कुणी मारली खुर्ची?"

मला नाव घ्यायची गरज राहिली नाही. इंद्रजीतनं आपल्या हातांकडे बघितलं. मग भिंतीकडे गेला आणि कपाळ भिंतीवर आपटलं. पुन्हा आपटलं. वॉर्डबॉयनं त्याला मागून धरलं तेव्हा भिंतीवर ओला डाग पडला होता. "मी," तो म्हणाला. "लिहा. मी मारली."

प्लीहा फुटली होती, पोटात रक्त साठत होतं. ऑपरेशनच्या दारात सिस्टर म्हणाली, "बांगड्या, नखं, कुंकू, सगळं काढा. आत काही चालत नाही." हिरव्या बांगड्या कात्रीनं कापल्या. कुंकवापाशी आल्यावर मी थांबले. सासूबाईंनी माझ्या हातातला मनूचा वाइप घेतला. त्यांच्या कोपराला माझ्यामुळे झालेली जखम अजून उघडीच होती. त्यांनी लेकीच्या कपाळावरचं कुंकू स्वतः पुसलं, कडेपासून आतपर्यंत, काही शिल्लक न ठेवता. मग तो वाइप घडी करून कमरेला खोचला.

मोनिका वाचली.

नवरदेव अभय रोज येऊन बाकावर बसतो. तात्यासाहेब एकदा आले, सांडूला पुढं घालून, त्याच्या नाकावर पट्टी. लग्नाचं काय, ते अजून कुणी बोललेलं नाही. इंद्रजीतचा जबाब झाला, रात्रभर ठाण्यात बसवलं, सोडलं, कोर्टाच्या चकरा आता चालू राहतील. तो दवाखान्याच्या जिन्यात बसून असतो. आत येत नाही.

परवा मोनिकाला जनरल वॉर्डात हलवलं. डोळ्यांच्या कडेला थोडं काजळ अजून राहिलं होतं, ते मी तेलाच्या बोटानं काढत होते. ती माझ्याकडे बघत होती, फिकट आणि तेलकट.

"वैनी, गॅरंटी फसली तुझी."

"फसली."

"दादा कुठाय?"

"जिन्यात. म्हणतो, तुझ्यासमोर तोंड दाखवायला जागा नाही."

टाके दुखत असावेत, तिनं दात आवळले. मग म्हणाली, "आत बोलव त्याला. पण बसायला खुर्ची देऊ नको."

मी जिन्यात जाऊन तसंच सांगितलं. तो आला आणि तिच्या पायापाशी उभा राहिला.